मुलांसाठी लहान नावे : उगम, अर्थ आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा नदीच्या काठच्या आमच्या कापूस-तुरीच्या गावांत बारशाच्या आधीचा आठवडा नाव शोधण्यात जातो. मी प्राथमिक शाळेत शिक्षक असल्यामुळे नव्या बाळाचे वडील, मामा किंवा आजोबा माझ्याकडे येतात. कोणी मोबाईलवरची यादी दाखवतो, तर कोणी पंचांगातून काढलेले अक्षर चिठ्ठीवर लिहून आणतो. मागणी बहुधा सारखीच असते : "गुरुजी, नाव लहान पाहिजे आणि अर्थ चांगला पाहिजे." गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरे येथे मांडत आहे. माझा आग्रह दोनच गोष्टींचा असतो. नावाचा अर्थ चांगल्या शब्दकोशात पाहून घ्यावा आणि नाव कागदावर चढवण्याआधी ते मोठ्याने हाक मारून पाहावे.

लहान नाव नेमके कशाला म्हणायचे?

सर्वसाधारणपणे देवनागरीत दोन अक्षरांत मावणाऱ्या नावाला आपण लहान नाव म्हणतो. यश, ओम, रघू, नील, वेद ही त्याची उदाहरणे. तीन अक्षरांचे पण एका दमात उच्चारले जाणारे नावही लोक त्यातच धरतात. लिहिताना आणि बोलताना मोजणी वेगळी होते, हे मात्र लक्षात ठेवावे. 'यश' लिहिताना दोन अक्षरे दिसतात, पण मराठीत आपण शेवटचा 'अ' उच्चारत नाही, त्यामुळे कानाला तो एकच ठोका ऐकू येतो. 'रघू' किंवा 'मनू' यांत शेवटी स्वर असल्यामुळे दोन ठोके होतात. हा फरक बारीक वाटला तरी हाक मारताना त्याला फार महत्त्व येते. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

दोन अक्षरी नाव ठेवणे परंपरेला धरून आहे का? घरातील वडीलधारी माणसे मोठ्या नावाचा आग्रह धरतात.

दोन अक्षरी नाव परंपरेला पूर्णपणे धरून आहे. नामकरणाचे जुने नियम गृह्यसूत्रांत, म्हणजे घरगुती संस्कारांच्या प्राचीन संस्कृत ग्रंथांत आहेत. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, त्याच्या आरंभी घोष (ग, ज, द, ब यांसारखे) व्यंजन असावे, मध्ये य, र, ल, व यांपैकी वर्ण असावा आणि ते धातूपासून, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपापासून, थेट बनलेले असावे, असे सांगितले आहे. दुसऱ्या एका गृह्यसूत्राचा कर्ता आश्वलायन याने तर ज्याला स्थैर्य हवे त्याच्यासाठी दोन अक्षरांचे आणि ज्याला ब्रह्मतेज हवे त्याच्यासाठी चार अक्षरांचे नाव सुचवले आहे. त्यामुळे लहान नावाची आवड आजची आहे, असे म्हणता येत नाही.

या विषयातील एक कथा मला फार प्रिय आहे. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात असे वर्णन आहे की नुकताच जन्मलेला कुमार रडू लागला. प्रजापतीने कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की मला नाव नाही, मला नाव द्या. रडला म्हणून त्याला पहिले नाव मिळाले रुद्र, कारण 'रुद्' या धातूचा अर्थ रडणे किंवा आक्रोश करणे असा आहे. एका नावाने त्याचे समाधान झाले नाही, म्हणून आणखी सात नावे देण्यात आली आणि त्यांत शर्व, उग्र, भव ही लहान नावे आहेत. पाळण्यातले बाळ बिननावाचे असते तेव्हा घरात जी चुटपुट असते, ती इतकी जुनी आहे.

विदर्भाशी जोडलेली अशी लहान नावे आहेत का?

आहेत, आणि आपल्याच भागातील पालकांना ती ठाऊक नसतात याचे मला मनापासून वाईट वाटते. विदर्भ हे लेकींचे माहेर म्हणून प्राचीन वाङ्मयात प्रसिद्ध आहे. अगस्त्यांची लोपामुद्रा, नलाची दमयंती, अजाची इंदुमती आणि कृष्णाची रुक्मिणी या साऱ्या विदर्भाच्या राजकन्या होत्या. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. एवढे जावई आणि एवढी राजघराणी असल्यावर नावांचा साठा मोठाच असणार.

'नल' हा निषध देशाचा राजा, दमयंतीचा पती. नल म्हणजे बरूसारखे पोकळ गवत. मराठीत आपण नळ-दमयंती म्हणतो खरे, पण मुलाचे नाव 'नळ' ठेवले तर आज ऐकणाऱ्याला पाण्याची तोटीच आठवेल, म्हणून 'ल' ठेवणेच योग्य. दमयंतीच्या वडिलांचे नाव 'भीम' होते. ते विदर्भाचे राजे होते. भीम या शब्दाचा अर्थ ज्याचा धाक वाटावा असा, प्रचंड. आज हे नाव आपल्याकडे बाबासाहेबांच्या आठवणीने ठेवले जाते आणि तोच त्याचा आजचा खरा अर्थ आहे. दमयंतीच्या भावांत एकाचे नाव 'दम' होते. संस्कृतात दम म्हणजे इंद्रियांवरील ताबा, पण मराठीत दम लागतो आणि दम भरला जातो, त्यामुळे ते नाव मी कोणाला सुचवत नाही.

'रघू' हे माझे सर्वांत आवडते लहान नाव आहे. वेदांत 'रघु' म्हणजे वेगवान, चपळ, आणि हाच शब्द पुढे 'लघु' या रूपानेही चालला, म्हणजे लहान नाव मागणाऱ्याला अगदी शब्दशः लघू नाव मिळते. कालिदासाने रघुवंशात हे नाव का ठेवले गेले तेही सांगितले आहे. हा मुलगा विद्येच्याही पार जाईल आणि रणात शत्रूंच्याही पार जाईल, असे मनात आणून, जाणे हा त्या धातूचा अर्थ पाहून बापाने हे नाव निवडले. अर्थ पाहून नाव ठेवणारा बाप म्हणून मला दिलीप राजाचे फार कौतुक वाटते. नागपूरच्या भोसले घराण्यामुळे 'रघूजी' हे नाव विदर्भात घरोघरी परिचित आहेच.

रघूचा मुलगा 'अज' हा विदर्भाचा जावई. ब्राह्म मुहूर्तावर जन्मला म्हणून ब्रह्मदेवाचेच नाव त्याला दिले, असे कालिदास सांगतो. अज म्हणजे ज्याला जन्म नाही असा. मात्र संस्कृतात अज म्हणजे बोकडही होतो, आणि शाळेत एखादा हुशार मुलगा ते शोधून काढतोच. पालकांनी हे माहीत असताना नाव ठेवावे, नंतर कळून खट्टू होऊ नये.

'यदू' हा ययातीचा मुलगा आणि विदर्भ नावाचा राजा पुराणांनुसार त्याच्याच वंशातला. 'रुक्म' म्हणजे सोने. रुक्मिणी, तिचा भाऊ रुक्मी आणि इतर भावांच्या नावांतही हा शब्द आहे, पण सुटे 'रुक्म' हे नाव मी आजवर एकाही हजेरीपटावर पाहिलेले नाही. ज्यांना दुर्मीळ पण खरे नाव हवे आहे त्यांनी याचा विचार करावा. 'रुद्र' या नावालाही येथे इतिहास आहे. रामटेकजवळच्या नंदिवर्धन येथून राज्य करणाऱ्या वाकाटकांत रुद्रसेन नावाचे राजे झाले. मेघदूतातील रामगिरी म्हणजे रामटेक असे अनेक अभ्यासक मानतात, त्यामुळे 'मेघ' हे नावही आपले म्हणता येते. मृगाची वाट पाहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी यापेक्षा गोड नाव कोणते असेल?

यश, जय, वेद, तेज, ओम ही नावे फार ऐकू येतात. त्यांचे अर्थ तेवढेच सरळ आहेत का?

बहुतांशी सरळ आहेत. यश म्हणजे कीर्ती, आणि मराठीत त्यालाच सफलतेचा अर्थ आला. जय हा 'जि' म्हणजे जिंकणे या धातूपासून आला. महाभारताचेही एक जुने नाव जय आहे, आणि विष्णूच्या दोन द्वारपालांपैकी एक जय. वेद 'विद्' म्हणजे जाणणे यापासून आला. तेजाचा मूळ धातू 'तिज्' म्हणजे धार लावणे, म्हणून तेज हे आधी धारेचे आणि मग प्रकाशाचे. इळ्याला धार लावल्यावर तो उन्हात चमकतो ते पाहिले की हा अर्थ शिकवावा लागत नाही. ओममध्ये अ, उ, म हे तीन ध्वनी आहेत. कागदपत्रांत मात्र ते 'ओम' असेच अक्षरांत लिहावे. चिन्ह वापरल्यास पुढे प्रत्येक संगणकीय अर्जात अडचण येते.

देव 'दिव्' म्हणजे प्रकाशणे यापासून, हर 'हृ' म्हणजे हरण करणे यापासून, राम 'रम्' म्हणजे रमणे यापासून आला. शिव म्हणजे मंगल. ध्रुव म्हणजे अढळ. कर्ण म्हणजे कान. कवचकुंडलांसह जन्मलेल्या मुलाचे ते नाव. वीर हा शब्द इतका जुना आहे की लॅटिन भाषेतही 'विर' म्हणजे पुरुष. सोम म्हणजे चंद्र आणि सोमवल्लीही. अर्क म्हणजे सूर्य आणि आपल्या बांधावरची रुईसुद्धा, जिच्या पानांची माळ शनिवारी मारोतीला घालतात. पण मराठीत "मोठा अर्क आहे" असे खोडकर मुलाला म्हणतात, त्यामुळे ते नाव ठेवायचे की नाही हे घरच्यांनी ठरवावे. कुश म्हणजे दर्भ आणि लव म्हणजे कापलेला बारीक तुकडा, कण. जुळे झाले की ही दोन नावे हमखास विचारली जातात.

आरव, विवान, रेयांश यांसारख्या नव्या नावांचे अर्थ यादीत दिलेले असतात. ते खरे असतात का?

अनेकदा खरे नसतात, आणि याच प्रश्नावर मी पालकांशी सर्वांत जास्त वेळ बोलतो. 'आरव' या नावापुढे बहुतेक याद्यांत 'शांत' असा अर्थ लिहिलेला असतो. संस्कृत शब्दकोशात आरव म्हणजे आवाज, ओरडणे, कोलाहल. रव म्हणजे ध्वनी हे मराठी माणसाला माहीत असते, तरीही यादीवर विश्वास ठेवला जातो. बाळाच्या रडण्याने घर भरून गेले आहे असा अर्थ घेतला तर हे नाव सुंदरच आहे, पण शांत हा अर्थ त्याला चिकटवू नये.

विवस्वान हे सूर्याचे जुने आणि भक्कम नाव आहे, आणि 'विवान' त्याचे तोडलेले रूप वाटते. 'रेयांश' याचा अर्थ किरणाचा अंश असा दिला जातो, परंतु किरण या अर्थी संस्कृतात 'रेय' शब्द नाही. इंग्रजीतील 'रे' या शब्दाला संस्कृत 'अंश' जोडल्यासारखे ते दिसते. 'आरुष' याच्या मागे ऋग्वेदातील 'अरुष' म्हणजे तांबूस, तांबडफुटीचा रंग हा खरा शब्द आहे. 'अयान' विचारणाऱ्यांना मी 'अयन' हा शब्द सांगतो. अयन म्हणजे मार्ग, गती, जो उत्तरायण आणि दक्षिणायन यांत आहे.

नवे नाव घडवण्यात काही गैर नाही. भाषा अशीच वाढते. परंतु मुलगा आठवी-नववीत गेल्यावर स्वतः आपल्या नावाचा अर्थ शोधतो, आणि त्याला घरी सांगितलेला अर्थ कोणत्याही कोशात सापडत नाही, तेव्हा त्याचा चेहरा पडतो. मी ते वर्गात पाहिले आहे. एका मुलाने शाळेतला जाडजूड शब्दकोश दोन वेळा चाळला, मग पान क्रमांक बरोबर आहे का ते मला विचारले, आणि शेवटी कोश मिटून जागेवर ठेवला. त्या दिवसापासून मी पालकांना आधीच कोश उघडून दाखवतो.

नावरस अक्षरावरून लहान नाव कसे काढावे?

पंचांगातील अवकहडा चक्रात २७ नक्षत्रे आणि प्रत्येकाचे ४ चरण, अशी एकूण १०८ अक्षरे असतात. जन्मवेळेच्या चंद्रनक्षत्राच्या चरणाचे अक्षर म्हणजे नावरस अक्षर. रोहिणीला ओ, वा, वी, वू ही अक्षरे येतात, म्हणून ओम आणि वीर. मृगाला वे, वो, का, की, म्हणून वेद. अनुराधेला ना, नी, नू, ने, म्हणून नील, आणि आपली संतपरंपरा घेतली तर नामा. मूळ नक्षत्राला ये, यो, भा, भी, म्हणून भानू आणि भीम. विशाखेला ती, तू, ते, तो, म्हणून तेज. स्वातीच्या पहिल्या चरणाला रू, म्हणून रुद्र. ऱ्हस्व-दीर्घाचा येथे आग्रह धरला जात नाही.

अडचण येते ती हस्ताला 'ण' किंवा आर्द्रेला 'ङ' आले म्हणजे. या अक्षरांनी मराठीत नावच सुरू होत नाही. अशा वेळी त्याच नक्षत्राचे दुसऱ्या चरणाचे अक्षर घेण्याची रीत अनेक घरांत आहे. काही घरी नावरस नाव फक्त पत्रिकेत ठेवतात आणि व्यवहाराचे नाव स्वतंत्र निवडतात. ज्यांची यावर श्रद्धा नाही त्यांनी हा प्रश्न सोडून द्यावा. त्यांच्या मुलाच्या नावात काही उणे राहत नाही.

आमच्या पणजोबांचे नाव उकंडा होते. अशी नावे का ठेवत, आणि आज ठेवावीत का?

वऱ्हाडात उकिरड्याला उकंडा म्हणतात. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नवे मूल झाले की त्याला उकंडा, दगडू, कचरू, भिकू अशी नावे देत. मूल टाकाऊ आहे असे भासवले म्हणजे वाईट नजर त्याच्याकडे वळणार नाही, अशी समजूत होती. काही ठिकाणी बाळाला खरोखर क्षणभर उकंड्यावर ठेवून उचलून आणत. पाचवीला आणि सटवाईच्या पूजेला जी भीती होती, तीच या नावांत आहे. धोंडू किंवा धोंडबा हे नाव अनेकदा धोंड्याच्या, म्हणजे अधिक महिन्यात जन्मलेल्या मुलाचे असे.

पूर्व विदर्भात आणि आदिवासी पाड्यांवर वाराची नावेही भरपूर मिळतात. सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगरू, बुधवारचा बुधा, शुक्रवारचा सुकरू. घड्याळ आणि कॅलेंडर नसलेल्या घरात जन्माचा वार त्या माणसाच्या नावातच नोंदला जात असे.

आज उकंडा हे नाव ठेवण्याची गरज नाही आणि कोणी ठेवणारही नाही. पण पणजोबांचे ते नाव ऐकून हसणाऱ्या मुलांना त्यामागचे कारण जरूर सांगावे. कितीतरी आयांनी आधीची लेकरे मातीत ठेवून मग हे नाव उच्चारले आहे. सोमा आणि बुधा मात्र आजही सुरेख लहान नावे आहेत.

तुका, नामा, चोखा अशी संतांची नावे थेट ठेवता येतील का?

ठेवता येतील. तुकाराम, नामदेव, चोखामेळा, एकनाथ यांनी आपल्या अभंगांत स्वतःचे नाव लहान करूनच घातले आहे. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे', 'एका जनार्दनी'. अभंगाच्या चरणात बसावे म्हणून आणि देवापुढे स्वतःला लहान म्हणवून घ्यावे म्हणूनही ही रूपे आली असावीत असे मला वाटते. 'विठू' हेही असेच लाडाचे रूप. विठ्ठल हा शब्द विष्णूपासून कानडी वळणाने आला असे काही अभ्यासक मानतात, काहींचे मत वेगळे आहे.

आपल्या भागातील दोन मोठ्या माणसांची उदाहरणे या संदर्भात देण्यासारखी आहेत. शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांचे घरचे नाव डेबूजी होते. हातातल्या गाडग्यावरून लोकांनी त्यांना गाडगेबाबा म्हटले. यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव माणिक होते. त्यांना तुकड्या हे नाव गुरू आडकोजी महाराजांकडून मिळाले. डेबू आणि माणिक ही दोन्ही नावे आज मुलांना ठेवण्यासारखी आहेत. माणिक हे संस्कृत माणिक्यापासून आले आणि त्याचा अर्थ लाल रत्न. गजानन महाराजांच्या भक्तांच्या घरी 'गजू' असतोच. पाळण्यात गजानन आणि अंगणात गजू.

बौद्ध परंपरेतील लहान नावे कोणती?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर विदर्भातील गावोगावी नावांचा एक संपूर्ण नवा प्रवाह सुरू झाला. ज्या घरांत अवहेलनेची नावे लादली गेली होती, त्या घरांत आनंद, राहुल, गौतम, सिद्धार्थ आले. नाव बदलणे हा त्या घरांसाठी माणूसपणाचा प्रश्न होता, हे विसरून या नावांकडे पाहता येत नाही.

त्यांतील लहान नावांपैकी 'यश' हे पाली 'यस' या रूपात फार जुने आहे. वाराणसीचा हा श्रेष्ठिपुत्र पहिल्या पाच भिक्खूंनंतर संघात आला. 'नंद' म्हणजे आनंद देणारा, हा बुद्धांचा सावत्र भाऊ. 'तिस्स' हे नाव तिष्य, म्हणजे पुष्य नक्षत्रावरून आले. 'बोधी' म्हणजे ज्ञानप्राप्ती, जागृती. राहुल हे बुद्धांच्या मुलाचे नाव. परंपरेत त्याचा अर्थ बंधन असा सांगतात, कारण पुत्र झाल्याची बातमी ऐकून सिद्धार्थांना आणखी एक बंधन आल्यासारखे वाटले. तीन अक्षरी 'मिलिंद' हे मिनँडर या ग्रीक राजाच्या नावाचे पाली रूप आहे. भन्ते नागसेनांना प्रश्न विचारणारा तोच राजा. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगाही होतो.

मुस्लिम कुटुंबांतील लहान नावे आणि त्यांचे अर्थ सांगता येतील का?

अचलपूर, बाळापूर यांसारख्या जुन्या गावांमुळे वऱ्हाडात अरबी-फारसी नावे शतकानुशतके रुळलेली आहेत. अली म्हणजे उच्च, नूर म्हणजे प्रकाश, साद म्हणजे सौभाग्य, झैद म्हणजे वाढ. मराठीत 'साद' म्हणजे हाक, हा योगायोग मला फार आवडतो. काही नावे दोन्हीकडे चालतात, पण मुळे वेगळी असतात. समीर संस्कृतात वारा आणि अरबीत रात्रीच्या गप्पांचा सोबती. समर संस्कृतात युद्ध आणि अरबीत फळ. अमन हा अरबी शब्द, अर्थ शांतता, आणि आता तो सर्व समाजांत नाव म्हणून चालतो. ज्यांना 'आरव' शांततेसाठी हवे असते, त्यांना मी हे नाव सुचवतो.

आमच्याकडे आजी-आजोबा वऱ्हाडी बोलतात. त्यांना उच्चारता येईल असे नाव कोणते?

हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांबद्दल मला आदर वाटतो. वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो, 'ण' चा 'न' होतो आणि शब्दाच्या आरंभीचा 'वि' अनेकदा 'इ' होतो. डोळा हा डोया, पाणी हे पानी, विहीर ही इहीर. त्यामुळे अर्णवचा अर्नव, प्रणवचा प्रनव आणि विठ्ठलचा इठ्ठल होणारच. हा दोष नाही, ती बोलीची चाल आहे. एका बारशात पाळण्याची दोरी हातात धरून बसलेल्या आजीला नातवाचे जोडाक्षरी नाव तीनदा सांगितले गेले. तिने तिन्ही वेळा प्रयत्न केला आणि मग म्हणाली, "आमच्या जिभीले येत नाही बाप्पा, मी त्याले बापूच म्हणीन." ती आजी पुढेही त्याला बापूच म्हणत राहिली. ज्या तोंडून मूल दिवसातून सर्वांत जास्त वेळा हाक ऐकणार, त्या तोंडाला सोपे जाईल असे नाव निवडावे. राम, रघू, जय, यश, देव, सोम, मेघ, नंद या नावांना वऱ्हाडी बोलीत फारसा धक्का लागत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ कसे लिहावे?

लहान नावात एक वेलांटी चुकली तर अर्थ बदलतो. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. अनिल म्हणजे वारा आणि अनल म्हणजे अग्नी. नील, वीर, ईश यांत पहिला स्वर दीर्घच आहे. शब्दाच्या शेवटी येणारा इ-कार आणि उ-कार मराठी लेखननियमांनुसार व्यक्तिनामांत दीर्घ लिहितात, म्हणून संस्कृतात रघु, मनु, रवि, हरि असले तरी मराठी दाखल्यावर रघू, मनू, रवी, हरी. दोन्हीपैकी जे रूप निवडाल ते प्रत्येक कागदावर तेच राहू द्यावे.

रोमन लिपीत काय लिहावे?

एकदा ठरवावे आणि कधीही बदलू नये. नील हे 'एन-ई-ई-एल' असेही लिहितात आणि 'एन-ई-आय-एल' असेही. जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे झाले की शिष्यवृत्तीच्या वेळी पालकांना तालुक्याच्या चकरा माराव्या लागतात आणि प्रत्येक चकरेत एक मजुरी बुडते.

नाव नोंदवण्याची मुदत किती असते?

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते. ही नोंद नावाशिवायही होते. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. नोंद जेथे जन्म झाला तेथे होते, राहत्या गावी होत नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे अनेक वडील स्वतःच्या ग्रामपंचायतीत विचारत बसतात आणि नोंद असते सासुरवाडीच्या गावी किंवा दवाखाना असलेल्या शहरात. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासह अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.

महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिले जाते. चार भागांच्या या नावात पहिले नाव लहान असले की अर्जातील चौकटी पुरतात, हा एक व्यावहारिक फायदा. आईच्या नावाचा विषय निघाला की मला 'पार्थ' आठवते. पार्थ म्हणजे पृथेचा, म्हणजे कुंतीचा मुलगा. पारस्कराच्या कसोटीला हे नाव उतरत नाही, कारण ते दुसऱ्या नावापासून बनलेले आहे, तरी आईच्या नावावरून मुलाला ओळखण्याची रीत किती जुनी आहे हे त्यातून दिसते.

वर्गात एकाच नावाची चार मुले असतील तर?

लहान नावांत हे होणारच, कारण दोन अक्षरांत चांगली नावे मोजकीच आहेत. आमच्या एका वर्गात तीन यश होते; मुलांनी स्वतःच मोठा यश, बारका यश आणि पाटलाचा यश अशी सोय करून घेतली. गावातील गेल्या दोन-तीन वर्षांतली नावे अंगणवाडीताईंना विचारून घेतली तर हे टाळता येते.

हाक मारून पाहणे म्हणजे नेमके काय करायचे?

संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर उभे राहावे आणि दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला त्या नावाने हाक मारावी. 'रघू', 'सोमा', 'विठू' यांचा शेवटचा स्वर लांबवता येतो, म्हणून ती दूर जातात. 'यश', 'वेद', 'ओम' यांना लांबवायला शेवटी स्वर नसतो, म्हणून आपोआप यश्या, वेद्या, ओम्या होते. ते लाडाचे रूप घरच्यांना चालणार असेल तर नाव ठेवावे. रागाच्या स्वरातही एकदा हाक मारून पाहावी, कारण मूल चालायला लागले की ती वेळ रोज येते. बाळाच्या आत्याने बारशाच्या आदल्या रात्री तेच नाव हळू आवाजात दोन-तीनदा म्हणून पाहावे, कारण दुसऱ्या दिवशी ते कानात सांगायचे असते. या तिन्ही आवाजांत नाव नीट बसले, की घुगऱ्या भिजत घालायला हरकत नाही.